छिद्र लहान, किडनी तीच

“चिरफाड नाही ना डॉक्टर? दुर्बिणीनेच आहे ना?” किडनीच्या ऑपरेशनची फाइल काखेत मारून दवाखान्यात येणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. दुर्बिणीने आहे म्हटलं की माणूस खुर्चीत जरा सैल बसतो. दुसरा प्रश्न खर्चाचा. पावसाळा सरत आला असेल तर तिसरा, नवरात्रात गरबा खेळता येईल का. काय बिघडू शकतं, हे विचारणारे फार थोडे.

मी बडोद्यात दांडिया बाजारात जनरल प्रॅक्टिस करतो. दुर्बीण माझ्या हातात नसते. पण ऑपरेशनआधी साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणायला लोक फॅमिली डॉक्टरकडे येतात, आणि घरी गेल्यावर रात्री दहा वाजता “जरा थंडी वाजतेय” म्हणून फोनही त्यालाच करतात. आपल्याकडे पथरीला, म्हणजे मुतखड्याला, तोटा नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, घाम जातो आणि पाणी पिणं मात्र राहून जातं. सर्जनांचीही वाण नाही. ट्रेनने तासाभरावर नडियादला १९७८ पासून चालू असलेलं मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल आहे. अवघ्या १.६ मिलिमीटर जाडीच्या, टोकाला दृष्टी असलेल्या सुईतून मुतखडा फोडायची ‘मायक्रोपर्क’ पद्धत तिथल्या डॉक्टरांनी २०११ साली जगापुढे मांडली. एवढी चांगली सोय हाताशी असल्यामुळेच की काय, ‘नो कट, नो पेन, दुसऱ्या दिवशी घरी’ अशा जाहिराती लोकांना खऱ्या वाटतात. दुसऱ्या दिवशी घरी हे खरं असतं. मात्र घरी जाण्याचा दिवस आणि बरं होण्याचा दिवस यांत अंतर असतं, आणि त्या दिवसांत रुग्णावर नजर ठेवायचं काम नर्सकडून घरच्यांकडे येतं. घरच्यांना मात्र कशावर नजर ठेवायची ते कुणी नीट सांगितलेलं नसतं.

दुर्बीण जाते कुठून?

‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी येतात, आणि तिघींचे धोके वेगळे.

एक रस्ता निसर्गानेच दिलेला. लघवीच्या मार्गाने मूत्राशयात, तिथून मूत्रवाहिनीत आणि वर थेट किडनीत. खडा मूत्रवाहिनीत असेल तर बारीक सरळ दुर्बीण पुरते, त्याला यूआरएस म्हणतात. किडनीच्या कप्प्यांत शिरायचं असेल तर वळणारी दुर्बीण आणि लेझर लागतो, ते आरआयआरएस. शरीरावर कुठेही छिद्र नाही.

दुसरा रस्ता पाठीतून. एक्स-रे किंवा सोनोग्राफीत बघत सुई किडनीत घालायची, ती वाट रुंद करायची, दुर्बीण आत सोडायची आणि खडा फोडून तुकडे बाहेर काढायचे. हे पीसीएनएल. साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांसाठी आजही पहिली पसंती याच पद्धतीला. स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी १९७६ साली मुद्दाम अशी वाट करून खडे काढल्याचं प्रसिद्ध केलं, तिथून ही पद्धत सुरू झाली.

तिसरी लॅपरोस्कोपी. पोटात गॅस भरून जागा करायची, तीन-चार छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं घालायची. खराब झालेली किडनी काढणं, किडनीच्या तोंडाशी असलेली अडचण दुरुस्त करणं, किडनीतली गाठ तेवढी काढणं अशी कामं यातून होतात. लॅपरोस्कोपीने पहिली किडनी १९९० साली अमेरिकेत सेंट लुइसला राल्फ क्लेमन यांच्या चमूने काढली. रुग्ण ८५ वर्षांच्या बाई होत्या आणि ऑपरेशन जवळपास सात तास चाललं. रोबो म्हणजे याच प्रकारातली पुढची पायरी. रोबो स्वतः काही करत नाही, त्याचे हात सर्जनच चालवतो.

बाहेरून लहरींचा मारा करून खडा फोडायची लिथोट्रिप्सी १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर झाली. ती ऑपरेशनमध्ये मोडत नाही म्हणून इथे बाजूला ठेवतो.

‘कॉम्प्लिकेशन’ची टक्केवारी कशी वाचायची

नेटवर वाचून कुणीतरी येतं आणि विचारतं, “पीसीएनएलमध्ये वीस टक्के कॉम्प्लिकेशन? मग कशाला करायचं?” आकडा खोटा नसतो, पण त्याच्या पोटात काय काय आहे ते बघावं लागतं. सर्जन मंडळी गुंतागुंत मोजायला क्लाव्हियन-डिंडो नावाची श्रेणी वापरतात. २००४ पासूनचं तिचं रूप आज जगभर चालतं. ती गुंतागुंत भोगताना किती त्रास झाला हे विचारत नाही, निस्तरायला काय करावं लागलं ते विचारते. पॅरासिटॅमॉलने उतरलेला एका संध्याकाळचा ताप म्हणजे पहिली श्रेणी. रक्त चढवावं लागलं तर दुसरी. पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं तर तिसरी. आयसीयू म्हणजे चौथी आणि मृत्यू पाचवी. ‘वीस टक्क्यां’तले बहुतेक पहिल्या दोन श्रेणींतले असतात. सर्जनला प्रश्न विचारायचाच तर असा विचारावा: तुमच्याकडे माझ्यासारख्या रुग्णांत रक्त किती जणांना चढवावं लागतं, आणि आयसीयूत किती जणांना न्यावं लागतं? चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही. चिडला तर मी तरी दुसरं मत घ्यायला सांगतो.

एक मोठी नोंद उपयोगाची आहे. २००७ ते २००९ या काळात जगभरच्या ९६ केंद्रांतल्या ५८०३ पीसीएनएल रुग्णांची माहिती गोळा करून २०११ मध्ये छापली गेली. ताप १०.५ टक्क्यांना आला, ५.७ टक्क्यांना रक्त चढवावं लागलं, १.८ टक्क्यांना छातीच्या पोकळीत पाणी जमलं. तेव्हापासून वाटा आणखी बारीक झाल्या, ‘मिनी’ आणि ‘मायक्रो’ आल्या, आणि रक्त चढवायची वेळ कमी येऊ लागली. तापाच्या बाबतीत मात्र तेवढं खात्रीने म्हणता येत नाही. याचं कारण बघण्यासारखं आहे, त्याकडे पुढे येतो.

रक्त

दोन्ही किडन्या मिळून मूठ-दोन मुठींएवढ्या, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं जवळपास पाचव्या हिश्शाएवढं रक्त, म्हणजे मिनिटाला एक लिटरच्या आसपास, त्यांच्यातून फिरत असतं. अशा अवयवात सुई घालायची तर कुठून घालायची याला फार महत्त्व. किडनीत लघवी गोळा होणारे छोटे कप्पे असतात. कप्प्याच्या बरोबर टोकातून शिरलं तर वाटेत मोठी रक्तवाहिनी सहसा येत नाही. कप्प्याच्या मानेला किंवा मधल्या पोकळीत सरळ घुसलं तर तिथे जाड वाहिन्या बिलगून असतात. पीसीएनएल शिकणाऱ्या सर्जनची खरी परीक्षा याच पहिल्या सुईत होते.

ऑपरेशननंतर लघवी लालसर येणारच. किती लाल चालेल? मी घरच्यांना एक साधी युक्ती सांगतो. लघवी पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या, मागे वर्तमानपत्र धरा. बाटलीतून अक्षरं वाचता आली तर रंग गुलाबी असला तरी पाणी पीत राहा आणि वाट बघा. अक्षरं दिसेनाशी झाली, गुठळ्या पडू लागल्या, किंवा गुठळी अडकून लघवीच थांबली तर वाट बघू नका, हॉस्पिटल गाठा.

सगळ्यात फसवं असतं ते उशिरा होणारं रक्तस्राव. पीसीएनएल होऊन आठ-दहा दिवस, कधी तीन आठवडेही उलटलेले असतात. लघवी स्वच्छ झालेली असते, माणूस ऑफिसला जायच्या तयारीत असतो, आणि अचानक एका सकाळी भडक लाल लघवी होते. थोड्या वेळाने आपोआप थांबते. घरी ठरतं, “उष्णता झाली असेल,” आणि जिऱ्याचं पाणी सुरू होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. झालेलं असतं असं की सुईच्या वाटेवर एखाद्या धमनीला इजा होऊन तिथे फुगवटा तयार झालेला असतो, किंवा धमनी आणि शीर यांच्यात भलताच जोड लागलेला असतो. फुगवटा मध्येच फुटतो, गुठळीने बंद होतो, गुठळी विरघळली की पुन्हा फुटतो. शंभरात एखाद्यालाच होतं, पण ज्याला होतं त्याचं हिमोग्लोबिन बघता बघता उतरतं. उपाय चांगला आहे: जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून ती नेमकी फांदी आतून बंद करतात. किडनीचा छोटा कोपरा जातो, बाकी किडनी वाचते. म्हणून पीसीएनएलनंतरच्या पहिल्या महिन्यात थांबलेलं रक्त पुन्हा दिसलं, तर ते थांबल्यावरसुद्धा सर्जनला फोन करायचा. आणि तपासायला जाल तिथे अशी नळी घालायची, म्हणजे अँजिओग्राफीची, सोय आहे का हे आधीच विचारून ठेवायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल इथेच सांगतो. ऑपरेशनआधी दोन्ही टोकांची माणसं भेटतात. कुणी अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू असल्याचं सांगायलाच विसरतो, कारण “ती तर हार्टची गोळी, किडनीशी काय संबंध?” आणि कुणी मित्राचं ऐकून पंधरा दिवस आधी स्वतःच बंद करून बसतो. हृदयात स्टेंट असलेल्याने परस्पर गोळ्या बंद करणं पीसीएनएलपेक्षा जास्त घातक ठरू शकतं. हृदयाचा डॉक्टर आणि युरॉलॉजिस्ट या दोघांनी बोलून दिवस ठरवायचा. असा दोघांचा फोन जोडून द्यायला फॅमिली डॉक्टरला जरूर सांगा, त्यात संकोच नको.

शेजारी

किडनीच्या वरच्या टोकाशी फुप्फुसाचं आवरण लोंबतं. खडा वरच्या कप्प्यात असला की सुई बाराव्या, कधी अकराव्या बरगडीच्या वरून घालावी लागते आणि ते आवरण टोचलं जाऊ शकतं. मग छातीत पाणी किंवा हवा जमते, श्वास घेताना धाप लागते. छातीत नळी घालून ते काढतात. काही लोकांचं मोठं आतडं किडनीच्या मागच्या बाजूला सरकलेलं असतं, ते सुईच्या वाटेत येऊ शकतं. शंभरातही एकाला होत नाही आणि लवकर लक्षात आलं तर बहुतेकदा पोट न उघडता निभावतं. ऑपरेशनआधीचा सीटी स्कॅन खड्याचा आकार मोजायला असतो तसाच ही शेजारची घरं बघायलाही असतो. “सोनोग्राफीत खडा दिसलाच आहे, मग सीटीचा खर्च कशाला?” याचं उत्तर हे.

ताप, आणि ऑपरेशन मध्येच का थांबवतात

माझ्या मते या सगळ्यात घाबरायचंच असेल तर ते तापाला. रक्त दिसतं म्हणून माणूस धावपळ करतो. ताप क्रोसिनखाली लपतो.

मुतखडा हा नुसता दगड नसतो. काही खड्यांच्या आत जंतू घर करून असतात. लघवीच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, काही उगवत नाही, कारण जंतू लघवीत नाहीत, खड्याच्या थरांत आहेत. लेझरने खड्याचा भुगा केला की ते मोकळे होतात. त्यात दुर्बिणीतून बघायला सतत सलाइन सोडावं लागतं, नाहीतर भुग्याने समोरचं काही दिसत नाही. एरवी किडनीच्या आतला दाब अगदी थोडा असतो. सलाइनमुळे तो तीस-चाळीस सेंटिमीटर पाण्याच्या दाबापलीकडे गेला की आतलं पाणी, जंतूंसकट, उलटं रक्तात घुसायला लागतं. हातपंपाने जोरात पाणी सोडलं तर दाब याच्या कितीतरी वर जातो. वाट जितकी बारीक तितकं पाणी परत बाहेर पडायला जागा कमी. म्हणजे छिद्र लहान केल्याने रक्त वाचतं, पण दाबाचा प्रश्न वाढू शकतो. आरआयआरएसमध्ये तर अंगावर छिद्रच नाही आणि तरीही रक्तात जंतुसंसर्ग पसरून माणूस आयसीयूत जाऊ शकतो. याचसाठी सर्जन पाण्याच्या दाबावर आणि घड्याळावर लक्ष ठेवून असतो.

आता नातेवाइकांना सगळ्यात जास्त राग येणारी गोष्ट. भूल दिली, आत गेले, अर्ध्या तासात सर्जन बाहेर येऊन म्हणतो, “आत पू दिसला. खड्याला हात लावला नाही. स्टेंट टाकलाय, म्हणजे लघवी उतरायला आत नळी ठेवलीय, पंधरा दिवसांनी बघू.” घरचे म्हणतात, पैसे घेतले आणि काम केलंच नाही. खरं तर त्या माणसाने त्या दिवशी जीव वाचवलेला असतो. पू असलेल्या किडनीत दाबाने पाणी सोडून खडा फोडत बसणं म्हणजे पू रक्तात ढकलणं. आधी निचरा, मग अँटिबायोटिक, मग खडा, हाच बरोबर क्रम आहे. मोठा खडा एकाच बैठकीत संपवायचा हट्ट न धरता तास-दीड तासात आवरतं घेणं आणि उरलेल्यासाठी दुसरी तारीख देणं, हेही याच हिशेबातलं. पहिल्याच भेटीत विचारून ठेवा की दोन बैठका लागल्या तर खर्च कसा धरणार. नंतर कटकट होत नाही.

मधुमेही, बायका, मोठे आणि फांद्या फुटलेले खडे असलेले, आधीपासून नळी किंवा स्टेंट असलेले, एवढ्यांत संसर्गाची शक्यता जास्त. ऑपरेशनआधी लघवीचं कल्चर करायचं, त्यात जंतू निघाले तर त्यांना लागू पडणारं औषध आधी द्यायचं. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून “उद्याच करून टाका, परवा लग्नाला जायचंय” असं म्हणू नये. रुग्णाच्या घाईपुढे डॉक्टर कधीकधी नमतात, हे आमच्या धंद्याचं गुपित सांगून टाकतो.

घरी काय बघायचं? १०१ च्या वर ताप, त्याहून महत्त्वाची म्हणजे हुडहुडी भरून दातावर दात वाजणं. बोलण्यात घोळ होणं, नाडी जोरात चालणं, लघवी एकदम कमी होणं. म्हाताऱ्या माणसांत ताप चढेलच असं नाही, अंग उलट थंडही पडतं. आजी “झोप येतेय, नंतर जेवते” म्हणत गळून पडून राहतात तेव्हा सावध व्हायचं. ही लक्षणं बहुतेकदा पहिल्या दोन दिवसांतच दिसतात, म्हणजे नेमकं घरी आल्यावर. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नये. रात्री एक वाजताही निघायचं.

मूत्रवाहिनी

ही नळी पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. आरआयआरएससाठी तिच्यात एक बाहेरची नळी बसवतात, म्हणजे दुर्बीण पुन्हा पुन्हा सहज आतबाहेर होते आणि पाण्याचा दाबही कमी राहतो. काही माणसांची मूत्रवाहिनी इतकी अरुंद असते की ही नळी बसतच नाही. तिथे जोर करायचा नसतो. स्टेंट घालून दहा-पंधरा दिवस थांबलं की मूत्रवाहिनी आपोआप सैल पडते आणि दुसऱ्या खेपेला काम सोपं होतं. इथेही पुन्हा तेच, काम अर्धवट टाकलं म्हणून सर्जनवर नाराजी.

जोर केल्यावर काय होतं? बहुतेकदा आतल्या अस्तराला ओरखडा, तो स्टेंटवर भरून येतो. कधी भोक पडतं, तेही भरतं. आणि फार क्वचित, हजारात एखाद-दुसऱ्याला, खड्याचा मोठा तुकडा जाळीत पकडून ओढताना मूत्रवाहिनीच तुटून खाली येते. सुजलेल्या बोटातली अंगठी ओढावी आणि अंगठीबरोबर कातडंच यावं, तसा हा प्रकार. त्यानंतरची दुरुस्ती मोठी आणि उघड्या पोटाची असते. म्हणून शहाणा सर्जन अडलेला तुकडा सोडून देतो, पुन्हा लेझर मारतो.

एक गडबड मात्र अजिबात आवाज न करता होते. इजा झालेली जागा भरताना आकसते आणि मूत्रवाहिनी हळूहळू बंद होते. खडा तिथे महिनोन्‌महिने रुतून बसलेला असेल तर हे जास्त होतं. दुखत नाही, लघवी दुसऱ्या किडनीतून व्यवस्थित होत असते, आणि इकडे एक किडनी फुगत फुगत निकामी होते. म्हणून स्टेंट निघाल्यावर दोन-तीन महिन्यांनी एक सोनोग्राफी करायची, काहीही होत नसताना करायची. ही तपासणी चुकवणारे इतके भेटतात की मी आता डिस्चार्ज कार्डावर लाल पेनाने तारीखच लिहून देतो.

पोटात गॅस

लॅपरोस्कोपीनंतर दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो आणि लोकांना वाटतं हार्टचं काही झालं. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटलाला त्रास होतो आणि तिथली नस दुखणं खांद्यावर कळवते. दोन-तीन दिवसांत जातं. छातीत दाब, घाम, धाप असेल तर अर्थातच ईसीजी काढायचा. गळ्यापाशी किंवा पोटावर दाबलं की कातडीखाली चुरचुर लागते, तोही गॅसच, जिरतो.

खरी काळजी रक्तवाहिन्यांची आणि आतड्याची. किडनी काढताना तिची धमनी आणि शीर बंद करावी लागते आणि उजवीकडे शरीरातली सगळ्यात मोठी शीर अगदी लागून असते. तिथे रक्त सुटलं तर सर्जन पोट उघडतो, उघडलंच पाहिजे. संमतीच्या कागदावर ‘गरज पडल्यास ओपन’ ही ओळ असते ती याचसाठी. पोट उघडावं लागलं म्हणजे सर्जन कच्चा, असं समजू नका. न उघडण्याचा हट्ट जास्त महागात पडतो.

आतड्याला लागलेला चटका तेव्हाच लक्षात येईल याची खात्री नसते. विजेच्या हत्याराने बसलेला सूक्ष्म डाग दोन-तीन दिवसांनी फुटतो, आणि लक्षणंही पुस्तकात लिहिलेल्यासारखी नसतात. पोट लाकडासारखं कडक व्हायला हवं, ते होत नाही. एकाच छिद्रापाशी इतरांपेक्षा जास्त दुखत राहतं, पोट फुगतं, जुलाब होतात, भूक मरते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढायच्याऐवजी कमीही निघतात. लॅपरोस्कोपीचा माणूस रोज कालच्यापेक्षा बरा व्हायला हवा. तिसऱ्या दिवशी तो दुसऱ्या दिवसापेक्षा वाईट दिसत असेल तर सीटी करून घ्यायचा, नुसत्या गॅसच्या गोळीवर भागवायचं नाही.

गाठ तेवढी काढून किडनी वाचवायच्या ऑपरेशनमध्ये थोडा वेळ किडनीचं रक्त चिमट्याने थांबवावं लागतं. हा वेळ पंचवीस-तीस मिनिटांत आवरावा असा प्रयत्न असतो, त्यापुढे किडनीलाच उपासमार होते. कापलेल्या जागेतून लघवी झिरपणं आणि उशिरा रक्तस्राव होणं, हे दोन्ही इथेही संभवतात.

स्टेंट

हृदयाच्या स्टेंटशी याचा काही संबंध नाही. ही दोन्ही टोकांना वळलेली, दोन मिलिमीटर जाड, चोवीस-सव्वीस सेंटिमीटर लांब मऊ नळी. वरचं टोक किडनीत, खालचं मूत्राशयात. डीजे म्हणतात ते हेच. सूज आली तरी लघवी उतरत राहावी म्हणून ठेवतात. खड्याचं ऑपरेशन छान झालं पण नंतरचा महिना नकोसा झाला असं सांगणाऱ्या बहुतेकांचं गाऱ्हाणं या नळीबद्दल असतं. दहातल्या आठ जणांना तिचा काही ना काही त्रास होतो. सारखी लघवीला लागते, शेवटी जळजळ होते, चालून आलं की लघवी लाल होते. लघवी करताना कमरेत कळ उठते, कारण नळीतून लघवी उलटी किडनीकडे चढते. हा सगळा त्रास नळीचाच, ती काढली की जातो. तोवर टॅमसुलोसिनसारख्या गोळीने बराच आराम पडतो. सर्जनने दिली नसेल तर मागून घ्या.

मग गरबा? स्टेंट असताना जोरात हललं की खालचं टोक मूत्राशयाला घासतं आणि रक्त येतं. बडोद्याचा गरबा म्हणजे रात्री चार-चार तास हजारोंच्या गोलात फिरणं. मी सांगतो, स्टेंट असेल तर गोलाबाहेर बसून गाणं ऐका. पीसीएनएलला महिना झाला नसेल तर स्टेंट नसला तरी थांबा, कारण वर सांगितलेला तो उशिराचा रक्तस्राव. रोजचं चालणं, जिना, हळू चालवलेली अॅक्टिव्हा चालते. पाणी थोडं जास्त प्यायचं.

पण स्टेंटमधला सगळ्यात मोठा धोका त्रास थांबण्यात आहे. काहींना तो सवयीचा होतो आणि नळी आत आहे हेच विसरतात. नळीवर क्षार चढतात. १९९१ सालच्या एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांपैकी जेमतेम नऊ टक्क्यांवर थर होता, बारा आठवड्यांनंतर काढलेल्यांपैकी तीन चतुर्थांशावर. वर्ष-दोन वर्षं राहिलेल्या नळीच्या दोन्ही टोकांना मोठाले खडे धरलेले असतात, नळी ठिसूळ होऊन तुटते, आणि जे काम पाच मिनिटांत झालं असतं त्याला दोन-तीन ऑपरेशनं लागतात. कधी तोवर किडनी गेलेली असते.

विसरणारे अडाणी असतात असं समजू नका. आपल्याकडे एक खास नमुना आहे. मुलगा कॅनडात, आईवडील सहा महिने तिकडे, सहा महिने इथे. तिकडे खर्च फार म्हणून खड्याचं ऑपरेशन इथे आटोपायचं आणि तिकीट आधीच काढलेलं असतं. “काढून टाकू आल्यावर.” आल्यावर म्हणजे पुढच्या दिवाळीत. दुसरा नमुना: डिस्चार्ज कार्डात चौथ्या ओळीत इंग्रजीत बारीक अक्षरात तारीख, आणि कार्ड फाइलीत, फाइल कपाटात. घरात कुणाला माहीतच नसतं की आत नळी आहे. काही वेळा रुग्णालाही नाही.

म्हणून ऑपरेशननंतर खोलीत सर्जन येईल तेव्हा एवढं विचाराच: आत स्टेंट आहे का, किती, कुठल्या बाजूला, आणि काढायची तारीख कोणती. तारीख कालनिर्णयवर लिहा, मुलाच्या मोबाइलमध्येही टाका. विमानाचं तिकीट असेल तर ते आधीच सांगा. दोरीवाला स्टेंट ठेवता येतो, तो चार-सहा दिवसांत ओढून काढता येतो. साधा असेल तर काढायला मूत्राशयात छोटी दुर्बीण घालतात. सुन्न करणारी जेली लावतात, भूल बहुधा लागत नाही, पुरुषांना क्षणभर जास्त कसनुसं होतं. त्या दिवशी कमरेत कळ येऊ शकते, मूत्रवाहिनी पुन्हा स्वतःच्या बळावर लघवी ढकलायला लागते म्हणून. एक-दोन दिवस दुखेल, गोळीने थांबेल. नाही थांबलं किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच रात्री फोन करा.